मास्तरवाले, बाबूवाले आणि गुंजवण्याचं खळं

यंदा खळ्यावर माझ्या हातून एक चूक झाली. मी गुणगुणलो.

गुणगुणणं हा काही गुन्हा नव्हे, असं वाचणारा म्हणेल. पण वाचणाऱ्याला आमची माणसं ठाऊक नाहीत. कार्तिकातली सकाळ होती. गुंजवण्याला मेहुण्याच्या खळ्यावर भाताच्या पेंढ्या रचलेल्या, आंबेमोहोराचा वास नाकातून थेट पोटात उतरत होता, राजगडाचा बालेकिल्ला धुक्यातून नुकता डोकं वर काढत होता आणि माझ्या हातात गरम चहाची पितळी होती. अशा वेळी कचेरीतल्या कारकुनालाही गाणं सुचतं. मी एका जुन्या बोलपटातल्या गाण्याचा मुखडा धरला, सूर लागतोय असं वाटून बेसावधपणे अंतऱ्यात शिरलो, आणि शिरलो तो भलत्याच गाण्याच्या. मुखडा एका संगीतकाराचा, अंतरा दुसऱ्याचा. माझ्या कानाला दोन्ही एकाच घरचे वाटले.

खळ्याच्या एका बाजूला माझा मेहुणा कोंडिबा पेंढी उगारून तसाच थांबला. दुसऱ्या बाजूला माझा चुलतभाऊ सदाशिव थांबला.

"दाजी," कोंडिबा म्हणाला, "मास्तरांच्या मुखड्याला ही कसली शेपटी लावली?"

"आण्णा," सदाशिव म्हणाला, "बाबूंच्या अंतऱ्यावर ही कसली टोपी घातली?"

दोघांनी पेंढ्या खाली ठेवल्या. मी चहा खाली ठेवला. पुढे बराच वेळ त्या खळ्यावर भात झोडायचं राहिलं आणि मला झोडणं झालं. तो त्यांचा एकमतानं केलेला एकमेव उद्योग. बाकी कशावर म्हणून दोघांचं कधी जमलेलं मला आठवत नाही.

हे मास्तर आणि बाबू खरे कोण, हे मी लिहिणार नाही. एक पुण्याकडचे, एक कलकत्त्याकडचे, दोघंही बोलपटांच्या चाली बांधणारे, एवढं पुरे. खरी नावं लिहायची म्हटली की एक आधी येणार आणि एक नंतर. मग 'आधी कुणाचं?' यावरून पुढचा अख्खा हंगाम जाईल. मला आता तेवढं सोसत नाही. डोक्यावर जे चार केस उरलेत ते मला पाहिजेत.

पण त्या सकाळी दोघांच्या डोळ्यांत जी ठिणगी दिसली ती पाहून मला तो जुना हंगाम आठवला. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळायची मारामार, साखर पाहुण्यापुरती, धोतरजोडी फाटली तर तिला ठिगळ लावून पुन्हा नेसायची. बोलपट मात्र मिळत होते. दसरा उलटला की भोरला नीरेच्या काठी तंबू उभा राही. त्याच्या मागे इंजिन धडधडे, दारावर कर्णा लावलेला असे, आणि दिवस कलू लागला की त्यातून गाणी सुरू होत. मी किकवीहून सायकल हाणत संस्थानच्या कचेरीत येई. माझं टेबल खिडकीजवळ. कर्णा सुरू झाला की माझा टाक त्या ठेक्यावर चाले. एकदा गुरचरणीच्या हुकमात मी 'सबब' असं लिहायच्या ऐवजी 'सजणा' लिहून ठेवलं. वरच्या साहेबांनी ते वाचून सही केली. त्यांची खिडकीही त्याच बाजूला होती.

सदाशिव त्या वेळी ऐन विशीत. किकवीची आमची खाचरं तोच बघायचा. शेतीतून उरलेला वेळ तंबूत घालवायचा, आणि हंगाम सरत आला की तंबूतून उरलेला वेळ शेतीत. तंबूत तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसे. का? तर सुरुवातीच्या पाट्या चुकू नयेत म्हणून. लोक नटीचं नाव आलं की शिट्ट्या मारत. हा 'संगीत' अशी पाटी आली की उभा राहून टाळ्या वाजवी. मागचे ओरडत, "ए, बस की खाली, तुजा बाप हाय का त्यो?" हा छाती काढून सांगे, "बापापरीस कमी न्हाई." माझे चुलते, म्हणजे त्याचे वडील, एकदा नेमके मागेच बसले होते. त्यानंतर काय झालं ते घरातली गोष्ट म्हणून सोडून देतो.

कोंडिबाचं वेगळं. तो डोंगराच्या कुशीतला माणूस, भोरला येणार ते बाजाराला. पण त्याच्याकडे फोनो होता. त्या पट्ट्यात दुसरा नसावा. देव्हाऱ्याच्या शेजारी, खंडोबाच्या टाकापासून हातभर अंतरावर, घोंगडीत गुंडाळून ठेवलेला. तबकडी लावायच्या आधी हात धुवायचा. चावी दुसऱ्या कुणाला भरू द्यायचा नाही. सुई टेकली, की खरखर ऐकूनच त्याची मान डोलू लागे. गाणं अजून यायचं असे. गाई-म्हशी दूध देताना जितकी शांतता लागते तितकी त्याला तबकडी वाजताना लागायची. कुणी खोकलं तर चावी काढून घेऊन गोठ्यात जाई.

दिवाळीला आम्ही सगळे गुंजवण्याला जमलो होतो, तेव्हा ओसरीवर हे दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले. मी बाजूला बसून चकली खात होतो. सुरुवात गोडीनं झाली. कोंडिबानं तबकडी लावली, संपली, सगळे गप्प.

"बेस हाय," सदाशिव म्हणाला. "पन बाबूंपुढं जरा पानचट."

कोंडिबानं तबकडी कापडानं पुसली, पाकिटात घातली, आणि मग म्हणाला, "पाव्हणं, तुमी नुसती गानी ऐकता. गान्याच्या मागचं बी ऐकाय शिका. मास्तरांच्या त्या बोलपटात म्हातारी मरती, ध्यानात हाय? तवा काय वाजतं?"

"काय बी न्हाई."

"आत्ता! काय बी न्हाई! समदी वाद्यं गप. निस्ता वारा. त्या गप ऱ्हान्याला अक्कल लागती."

"गप बसायचं पैसं कशाला घ्येतो मग त्यो?" सदाशिव म्हणाला. "तसलं संगीत तर आमचा बैल बी देतोय."

"बैलाचं नाव काडू नगंस."

"आन आमच्या बाबूंचं बघा. गडी घर सोडून निगतो, गाडी सुटती, तवा येकदम सारंग्या उठत्यात. आमच्या शेजारचा म्हातारा तंबूतनं थेट घरी गेला आन बायकूच्या पाया पडला."

"ती सारंगी न्हवं, ते फिडल हाय."

"तुमाला कसं ठावं? तुमी तर बाजाराला येता तवाच तंबूत येता."

"मला कान हाईत."

इथे मी तोंड उघडलं. माझ्या आयुष्यात मी जेवढ्या वेळा भांडण मिटवायला तोंड उघडलंय तेवढ्या वेळा ते वाढलंय, तरी मी उघडतो. मी म्हणालो, "अरे, दोघंही आपापल्या जागी चांगलेच आहेत."

कोंडिबानं माझ्याकडे असं पाहिलं जसं त्याच्या देव्हाऱ्यात मी चप्पल घालून गेलोय. सदाशिवनं पाहिलं ते त्याहून वाईट. दोन्ही बाजूंना एकच माणूस अजिबात आवडत नसतो, तो म्हणजे दोन्ही बाजू आवडणारा. त्या दिवाळीत मला करंज्यांचं ताट शेवटी आलं आणि त्यात करंजी नव्हती.

आज विचार केला की मला या गोष्टीचा मनापासून वैताग येतो. मास्तरांना गुंजवणं ठाऊक नाही. बाबूंना किकवी ठाऊक नाही. आम्हा कुणाला त्यांचं तोंड कसं आहे तेही ठाऊक नाही. पाटीवरची अक्षरं तेवढी पाहिलेली. कोंडिबाला भजनात कुणी टाळही देत नाही, कारण तो मधेच वाजवतो. सदाशिव गायला लागला की आमची म्हैस दावं ओढते. आणि ही दोन माणसं त्या दोन परक्या माणसांसाठी सोयरीक तोडायला निघाली. गाण्यानं माणूस मऊ होतो म्हणतात. कुठला माणूस, ते सांगत नाहीत.

सोयरीक म्हणालो ती उगाच नाही. खरी गोष्ट तिथंच अडली होती.

माझ्या बायकोची धाकटी बहीण यमुना. कोंडिबाच्याच घरी वाढलेली, आईबाप लवकर गेलेले. माझ्या बायकोच्या मनात होतं की यमुना सदाशिवला द्यायची. म्हणजे धाकटी बहीण किकवीला, चार घरं सोडून, डोळ्यांसमोर राहील. बायकोनं हे दोन वर्षं मनात ठेवलं होतं, माझ्या आईच्या कानावर घातलं होतं, चुलत्यांना पटवलं होतं. भाताची झोडणी उरकली की सुपारी फोडायची, असं ठरत आलं होतं. यमुना हे सगळं ऐकून मान खाली घालून तांदूळ निवडत बसे, पण कान तीक्ष्ण. फोनोची गाणी तिला तोंडपाठ होती, आणि सगळी भिंतीआडून ऐकलेली. तंबू तर तिनं बाहेरूनही पाहिला नव्हता. बायकांना तिकडे नेतं कोण? गाणी सगळी बायकांच्या तोंडची, त्यावरचे वाद मात्र पुरुषांनी ओसरीवर बसून घालायचे.

आमच्याकडे झोडणीचा पैरा असे. कोंडिबाची खाचरं डोंगरउताराची, आधी पिकायची. आमची खोलगट, पाणी उशिरा हटायचं. म्हणून आधी किकवीची माणसं वर गुंजवण्याला जाऊन त्यांचं भात झोडायची, मग ती खाली येऊन आमचं. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही; आज तुमच्या खळ्यावर आम्ही, उद्या आमच्या खळ्यावर तुम्ही. त्या वर्षीही आम्ही गाडी जुंपून वर गेलो. सदाशिव, आमच्या भावकीतले तीन गडी, बायको, आणि मी. मी कचेरीतून रजा काढली होती. खळ्यावर माझा उपयोग काय, असा प्रश्न कचेरीतही विचारला गेला आणि खळ्यावरही.

अजून डोळ्यांपुढे येतं. गारठ्यानं कडक झालेलं शेणानं सारवलेलं खळं, कापलेल्या धाटांची टोकं टोचून पायाला पडलेले ओरखडे, अंगभर खाज आणणारं तूस, माथ्यावरून जाणारे पोपटांचे थवे, दुपारी नाचणीची भाकरी आणि पावट्याचं झणझणीत कालवण. खळ्याच्या मधोमध लाकडाचा आडवा ओंडका. त्याच्या अल्याड चौघं, पल्याड चौघं. अल्याडच्यांची पेंढी ओंडक्यावर आपटली की पल्याडच्यांची वर असायला हवी, त्यांची आपटली की यांची वर. जरा चुकलं तर दाणे ओंडक्यावर न गळता समोरच्याच्या तोंडावर गळतात, पाठोपाठ पेंढीही. म्हणून गाण्याचा ठेका लागतो. आणि ठेका खळ्याच्या मालकानं धरायचा, असा तिथला रिवाज.

कोंडिबानं ठेका धरला मास्तरांच्या गाण्याचा. संथ, भारदस्त. पेंढी वर जायची ती जशी काही देवाला ओवाळायला. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिव म्हणाला, "पाव्हणं, ह्या चालीनं शिमग्यापत्तुर भात झोडू आपन." आणि त्यानं पल्याडून बाबूंचं गाणं सुरू केलं. ते कसलं, घोडागाडीच्या टापांसारखं.

"ठेका मालकानं धरायचा असतोय," कोंडिबा म्हणाला.

"मग मालकानं झोपू नये," सदाशिव म्हणाला, आणि त्याच्या बाजूचे आमचे गडी खी खी करून हसले.

मग दोन्ही बाजूंनी दोन गाणी. अल्याडून मास्तर, पल्याडून बाबू. कोंडिबाचे लोक आवाज चढवायला लागले, आमचेही. खळ्यावर एकाच वेळी दोन लयी म्हणजे दोन बैलांनी दोन दिशांना ओढलेला नांगर. मी ओंडक्याच्या टोकाशी गळालेला दाणा गोळा करत होतो आणि नेमका तेव्हाच 'सबुरीनं घ्या' म्हणायला उठलो. त्याच क्षणी सदाशिवची पेंढी अर्धा ठोका आधी आली, माझ्या कानशिलाला घासून गेली आणि कोंडिबाच्या डोक्यावरचं पागोटं उडवून भुसात टाकलं.

मास्तरांचं गाणं नाही, बाबूंचं नाही.

पागोटं पडणं आमच्याकडे साधी गोष्ट नाही, तेही स्वतःच्या खळ्यावर, गड्यांच्या देखत, होणाऱ्या व्याह्यांच्या माणसाकडून. कोंडिबानं ते उचललं नाही. बोडक्या डोक्यानं तो म्हणाला, "उतरा खाली खळ्यावरनं. आन येक ध्यानात ठिवा. माजी भन असल्या घरात द्यायची न्हाई."

"आमालाबी बहिऱ्याची सोयरीक नगं," सदाशिव म्हणाला. तो निघाला, त्याच्या मागे आमचे तिन्ही गडी निघाले.

यमुना सूप हातात धरून उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. माझ्या बायकोनं पाहिलं.

मग आभाळ आलं. नाटकात येतं तसं वेळेवर नव्हे, हळूहळू, तोरण्याच्या बाजूनं, दुपारभर. अर्धं भात झोडलेलं, अर्धं पेंढ्यांत, सगळं उघड्यावर. कोंडिबा, त्याचे लोक आणि मी, असे आम्ही ओंडक्याशी उभे राहिलो. मी सदाशिवच्या जागी. माझ्या हातातली पेंढी कधी आधी येई, कधी नंतर, आणि एकदा आलीच नाही, कारण ती मागे उडून गेली होती. कोंडिबा म्हणाला, "दाजी, तुमी बसा." एवढ्या आदरानं मला त्या घरात आधी कधी कुणी बसवलं नव्हतं.

बायको आली. पदर खोचलेला. आभाळाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भात भिजलं, मोड आलं, की समदी रडाय बसू," ती म्हणाली. "तवा कुनाच्या चालीवर रडायचं तेवडं आत्ताच ठरवून ठेवा."

"अगं, मी कुठं भांडतोय?" मी म्हणालो.

"तुमी भांडत न्हाई, तीच तर रड हाय. बांधावर उबं ऱ्हाऊन दोनी शेतांकडं बगता. जावा, त्येला घिऊन या."

"माझ्या सांगण्यानं येईल का तो?"

"आला न्हाई तर तुमीबी येऊ नगा."

सदाशिव लांब गेला नव्हता. नदीच्या उताराजवळ दगडावर बसून, पाय पाण्यात सोडून, आमच्या गड्यांना बाबूंचं मोठेपण समजावत होता. गडी शिदोरी सोडून बसले होते. मला पाहून तो म्हणाला, "आण्णा, पाव्हण्यांनी येकदा म्हनावं, बाबू मोठा. येकदाच. हळू म्हनलं तरी चालंल."

"ते म्हणतील? देव्हाऱ्यात फोनो ठेवणारा माणूस?"

"मग मीबी येत न्हाई."

मी शेजारी बसून राहिलो. वारा सुटला. पाण्यावरचा उजेड गेला. सदाशिवनं तोरण्याकडे पाहिलं, मग खळ्याच्या दिशेला. काही झालं तरी तो शेतकऱ्याचा मुलगा. उघड्यावरचं भात कुणाचंही असो, त्याला ते बघवत नाही. तो उठला, धोतर झटकलं.

"आभाळासाठी येतोय," तो म्हणाला. "मास्तरासाठी न्हाई."

खळ्यावर येऊन त्यानं भुसातलं पागोटं उचललं, झटकलं, दोन्ही हातांनी कोंडिबापुढे धरलं. कोंडिबानं घेतलं, डोक्यावर ठेवलं. सगळे आपापल्या जागी उभे राहिले आणि झोडणी सुरू झाली, मुकी. कुणी गाणं म्हणायला धजेना. ठेका नाही म्हणून पेंढ्या एकमेकींवर आदळू लागल्या. कुणाच्या नाकावर, कुणाच्या बोटांवर.

शेवटी कोंडिबानं घसा खाकरला आणि मोठ्या मनानं बाबूंचं गाणं सुरू केलं. नेमक्या त्याच क्षणाला पल्याडून सदाशिवनं तितक्याच मोठ्या मनानं मास्तरांचं गाणं सुरू केलं.

पुन्हा दोन लयी. पुन्हा पेंढ्या धडाधड.

"आरं न्हाई न्हाई, तुजा बाबू चालू दे!" कोंडिबा ओरडला.

"छ्या छ्या! खळं तुमचं, मास्तरच पायजेत!"

"माजं खळं हाय, म्या म्हनतो बाबू, तर बाबू!"

"आन म्या सांगतो मास्तर!"

मी खाली बसलो. डोकं दोन्ही हातांत धरलं. वर पहिला थेंब पडला. तेव्हा यमुनेनं हातातलं सूप उलटं केलं आणि त्याच्यावर तळहाताची थाप मारायला सुरुवात केली. धप, धप, धप. त्यात ना मास्तर होते ना बाबू. ती चाल नव्हतीच, ती घाई होती. दोन्ही बाजू तिच्या हातात आल्या. पेंढी वर, पेंढी खाली. पावसाला जोर येण्याआधी भात छपरात गेलं. थोडं भिजलं, ते पोह्यांना झालं.

पुढं मी पुष्कळदा विचार केलाय की त्या दोघांना खरंच काय हवं होतं. जिंकायचं होतं म्हणावं तर जिंकू देतानाही तेच भांडण. मला वाटतं, आपल्याकडे स्वतःचं म्हणून निवडायला फार थोडं असतं. शेत वडिलांनी दिलेलं, गाव जन्मानं आलेलं, बायको थोरांनी ठरवलेली, धोतर मिळेल ते. तंबूत बसून पाटीवरचं एखादं नाव आपलं म्हणावं, एवढीच काय ती आपली निवड. ती सोडवत नाही. हे मला समजतं. समजतं म्हणून वैताग कमी होतो असं मात्र नाही.

भात आत आलं, पण सुपारी बाहेरच राहिली. कोंडिबा नरमला होता, सदाशिव तर कधीच नरमला होता. ओंडक्याच्या पल्याडून तो सारखा सुपाकडे बघत होता हे मीही पाहिलं, आणि मला सहसा काही दिसत नाही. मुलीला विचारायची पद्धत नव्हती. माझ्या बायकोनं विचारलं. यमुनेनं सांगितलं, "ज्येच्यापायी पागोटं पडलं ते मला आदी बगू दे. मग सांगती."

"बायका बोलपटाला?" कोंडिबा म्हणाला.

"मग काय, बायकांनी निस्ती भांडनं बगायची?" बायको म्हणाली.

आठवड्यानं आम्ही भोरला गेलो. मुक्काम माझ्या कचेरीतल्या एका स्नेह्याकडे. त्या दिवशी तंबूत बाबूंचा बोलपट होता. कोंडिबा म्हणाला, "म्या निस्ता बैलांकडं बगाय आलोय," आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन बसला. बायकांची बाजू कनातीआड. सदाशिव पाट्यांना उभा राहिला नाही. हात मांडीवर गच्च धरून बसला होता. त्याचं सगळ्यांत आवडतं गाणं आलं. नदीवरून परतणारी बाई, वाटेत आडवा आलेला नायक, मागे फिडलांचा ताफा. सदाशिवच्या डोळ्यांत पाणी. पुढच्या रांगेत कोंडिबा उपरण्यानं डोळे टिपत होता. नंतर म्हणाला, इंजिनाचा धूर गेला.

बाहेर आलो. गॅसबत्तीच्या उजेडात फुटाणेवाला ओरडत होता, माणसं रेटत होती. सदाशिवला धीर नव्हता.

"वैनी, मग? कशी वाटली चाल?"

बायकोनं यमुनेकडे पाहिलं. यमुना पदर नीट करत बहिणीशीच बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आक्का, त्या बाईच्या डोक्यावर भरल्याली घागर व्हती. गानं सपस्तवर तशीच व्हती. त्यो गडी म्होरं हात वर करून गात ऱ्हायला. हात वर व्हतंच, तर घागर उतरवायची न्हाई व्हय?"

"बगा!" कोंडिबा गरजला. "मास्तर असता तर पयल्यांदा घागर उतरवली असती!"

मी कपाळाला हात लावला. सदाशिव काय बोलणार याची मला धास्ती वाटली. फिडलांचं काहीतरी काढेल, तालाचं काढेल. त्यानं तो बोलपट हंगामभर पाहिला होता. तो खाली बघून म्हणाला, "माज्या कदी ध्यानातच न्हाई आलं."

आणि तिथून स्नेह्याच्या घरापर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. त्याच्या आयुष्यात बोलपट पाहून आल्यावर असं पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किकवीच्या फाट्यावर कोंडिबानं आम्हाला उतरवलं. सदाशिव गाडी थांबायच्या आधीच उडी मारून खाचरांकडे निघून गेला होता. गाडी यमुनेला घेऊन नसरापूरच्या वाटेला लागली. दहिवरानं भिजलेल्या पेंढ्यांचा वास येत होता; आमचं भात अजून झोडायचं होतं. भावानं दिलेल्या नव्या तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बायको गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मी शेजारी, हात पाठीमागे बांधून.

"काय म्हणाली यमुना?" मी न राहवून विचारलं.

"व्हय म्हनली. वाटंत मला इचारत व्हती, आक्का, घागर उतरवाय गड्याला शिकवता येतं का गं? म्या म्हनलं, ठावं न्हाई बाई. म्या अजून शिकवतीच हाय."